दमट हवामानातील प्रवास व ऊन-संरक्षण

दमट हवामानातील ऊन-संरक्षण म्हणजे हवेत आर्द्रता जास्त असलेल्या प्रदेशात प्रवास करताना उष्णता व सूर्याची अतिनील किरणे यांपासून शरीराचा बचाव करण्याचे उपाय होत. महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः कोकण किनारपट्टीशी निगडित आहे. नाशिक जिल्ह्यातील मालेगावसारख्या कोरड्या हवेच्या शहरातून मुंबई, अलिबाग वा रत्नागिरीस जाणाऱ्या प्रवाशांना तेथील तुलनेने कमी तापमान फसवे ठरू शकते.

शास्त्रीय आधार

घामाचे बाष्पीभवन होताना शरीरातील उष्णता बाहेर पडते. मालेगावी उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. मात्र हवा कोरडी असल्याने घाम लवकर वाळतो. किनाऱ्यावर हवेत आधीच बाष्प असल्यामुळे घाम अंगावरच राहतो आणि शरीर पुरेसे थंड होत नाही. तापमान ३५ अंश व आर्द्रता ७० टक्के असल्यास शरीराला जाणवणारी उष्णता सुमारे ५० अंश असते. म्हणूनच भारतीय हवामान विभागाने उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४० अंश, तर किनारी भागात ३७ अंश ही मर्यादा ठरवली आहे. नव्या हवामानाची सवय होण्यास शरीराला साधारणपणे एक ते दोन आठवडे लागतात.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यास मोकळ्या मैदानात उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला.

संरक्षणाचे उपाय

* दुपारी १२ ते ३ या वेळेत उघड्यावरचा प्रवास टाळावा. महाराष्ट्रात मे महिन्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो.
* सैल, फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, रुंद कडेची टोपी किंवा छत्री वापरावी.
* किमान ३० एसपीएफ असलेले सनस्क्रीन लावावे व दर दोन तासांनी, तसेच पोहल्यानंतर पुन्हा लावावे. ढगाळ हवेतही अतिनील किरणे जमिनीपर्यंत पोहोचतात आणि वाळूवरून परावर्तितही होतात. सनस्क्रीनमुळे त्वचा भाजण्यापासून वाचते. उष्माघात टळत नाही.
* तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. घामावाटे क्षारही जातात. म्हणून ताक, मीठ घातलेले पन्हे वा कोकम सरबत उपयुक्त ठरते. जलसंजीवनी घरी करताना एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे (चहाचा चमचा).
* उभ्या केलेल्या बंद वाहनात लहान मुले किंवा वृद्धांना ठेवू नये.

लक्षणे व प्रथमोपचार

डोकेदुखी, चक्कर, मळमळ, स्नायूंत पेटके व अतिशय थकवा ही सुरुवातीची लक्षणे होत. शरीराचे तापमान ४० अंशांवर जाणे, असंबद्ध बोलणे किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची चिन्हे आहेत. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असे समजू नये. रुग्णास सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा, मान व काखेत बर्फ ठेवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध व्यक्तीस पाणी पाजू नये.

लोकसमजूत

खिशात कांदा ठेवल्यास ऊन लागत नाही, असा समज ग्रामीण भागात आढळतो. त्यास शास्त्रीय आधार नाही.