संगणकीय खेळ आणि दृष्टी : डोळे खरोखर अधू होतात काय?

संगणकावर किंवा मोबाइलवर तासन्‌तास खेळत बसल्याने डोळे खराब होतात, हा समज घरोघरी आढळतो. दूरचित्रवाणीच्या काळात मुलांना दिली जाणारी ताकीदच आता व्हिडिओ गेमला लागू झाली आहे. नेत्रविज्ञानाचे उत्तर मात्र वयानुसार बदलते. प्रौढ खेळाडूला होणारा त्रास बहुतांशी तात्पुरता असतो. वाढत्या वयातील मुलांच्या बाबतीत धोका खरा आहे आणि त्यातून झालेला बदल पूर्ववत होत नाही.

मनुष्य एरवी मिनिटाला साधारणतः १५ वेळा पापण्यांची उघडझाप करतो. पडद्यावर नजर खिळली की हे प्रमाण बरेच घटते, अनेकदा निम्म्यावर येते. प्रत्येक उघडझापीसरशी अश्रूंचा पातळ थर डोळ्याच्या पृष्ठभागावर पसरत असतो. तो वेळेवर पसरला नाही, तर डोळे चुरचुरतात, लाल होतात आणि कोरडेपणामुळेच त्यांतून पाणीही वाहू लागते. जवळचे स्पष्ट दिसावे यासाठी डोळ्यातील भिंगाभोवतीचा स्नायू सतत आकुंचित राहतो. तो लगेच सैल होत नाही. त्यामुळे खेळ संपवून उठल्यावर दूरच्या वस्तू काही काळ धूसर दिसतात. विश्रांतीनंतर ही लक्षणे ओसरतात. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडील वस्तूकडे २० सेकंद पाहण्याचा सल्ला यासाठीच दिला जातो. रंगात आलेल्या ऑनलाइन सामन्यात तो कोण पाळणार, हा प्रश्न आहेच. निदान दोन सामन्यांमधील वेळ तरी खिडकीबाहेर पाहण्यात घालवता येतो.

पडद्यातून येणाऱ्या निळ्या प्रकाशाची भीती मात्र अवाजवी आहे. सूर्यप्रकाशाच्या तुलनेत हा प्रकाश अत्यल्प असतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवरील १७ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. डोळ्यांवरील ताण कमी करण्यात या काचांचा साध्या काचांहून अधिक उपयोग होत असल्याचे त्यात दिसून आले नाही. त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही.

मुलांच्या बाबतीत खरा प्रश्न लघुदृष्टिदोषाचा, म्हणजेच मायोपियाचा आहे. या दोषात नेत्रगोलक प्रमाणाबाहेर लांब होतो आणि दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. प्रौढ माणसाच्या नेत्रगोलकाची लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते. ती एका मिलिमीटरने वाढली, तरी चष्म्याचा क्रमांक अडीच ते तीनने वाढू शकतो. लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. चष्म्याने दिसते, पण ताणलेले दृष्टिपटल तसेच राहते. क्रमांक उणे सहापलीकडे गेल्यास दृष्टिपटल निसटणे, काचबिंदू यांसारख्या विकारांची शक्यता पुढील आयुष्यात वाढते.

दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी शहरातील ९ हजार ८८४ शाळकरी मुलांची तपासणी करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १३.१ टक्के मुलांमध्ये लघुदृष्टिदोष आढळला. संगणकीय आणि मोबाइल खेळांशी त्याचा संबंध दिसला; तसाच तो दिवसाला पाच तासांहून अधिक वाचन-अभ्यास करण्याशीही दिसला. आठवड्याला १४ तासांहून अधिक काळ घराबाहेर घालवणाऱ्या मुलांमध्ये हे प्रमाण कमी होते. अशा पाहणीवरून खेळ हेच कारण असल्याचे सिद्ध होत नाही. परंतु पालकांनी त्यातील एक गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी : मुलाच्या हातातील गेम काढून त्याला त्याच खोलीत शिकवणीला बसवल्याने डोळ्यांचा फारसा लाभ होत नाही.

लाभ होतो तो उघड्यावरील उजेडाचा. घरातील प्रकाश काहीशे लक्स असतो, तर दिवसा बाहेर तो १० हजार लक्सच्याही पुढे जातो. तीव्र प्रकाशात दृष्टिपटलात डोपामिन अधिक स्रवते आणि ते नेत्रगोलकाची वाढ रोखते, असे मानले जाते. चीनमधील ग्वांगझू येथे काही प्राथमिक शाळांत रोज ४० मिनिटांचा मैदानी तास वाढवण्यात आला. तीन वर्षांत तेथील ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टिदोष जडला. इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. चीन सरकारने २०१८ मध्ये मुलांची दृष्टी वाचवण्यासाठी आखलेल्या योजनेत ऑनलाइन खेळांच्या संख्येवर नियंत्रण आणण्याचाही समावेश केला होता.

पडदा किती जवळ आहे, यालाही महत्त्व आहे. वीतभर अंतरावर धरलेल्या मोबाइलपेक्षा आठ-दहा फुटांवरील दूरचित्रवाणी संचावर खेळणे डोळ्यांना कमी श्रमाचे असते. दुसरीकडे, वेगवान खेळांच्या सरावाने प्रौढांची फिकट छटांतील फरक ओळखण्याची क्षमता वाढल्याचे अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले. अर्थात, याने चष्मा सुटत नाही.

मूल पडद्याला चिकटून बसत असेल, तर बरेचदा दोष आधीपासूनच असतो आणि गेमवर ठपका ठेवण्यात तपासणी राहून जाते. एका डोळ्याचीच दृष्टी मंद असल्यास मुलाला ते स्वतःहून कळतही नाही. असा ‘आळशी डोळा’ सात-आठ वर्षांच्या आत उपचार मिळाल्यास अधिक चांगला सुधारतो. राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष नियंत्रण कार्यक्रमांतर्गत शाळांमध्ये नेत्रतपासणी होते आणि गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्मे मिळतात. डोळ्यांपुढे अचानक ठिपके तरंगणे, प्रकाशाचे लखलखाट दिसणे किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटणे, ही लक्षणे खेळाच्या थकव्याची नव्हेत. ती दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक असते.