ब्राझीलचा लुसिओ आणि फातोर्ड्याचे मैदान

दरवर्षी या स्मरणिकेसाठी आमच्याकडून इतिहासाचा लेख मागितला जातो आणि आम्ही एखादा किल्ला, एखादे संस्थान नाहीतर सीमालढ्याचे एखादे पान लिहून देतो. यंदाचा विषय वाचकांना जरा दूरचा वाटेल. ब्राझीलचा फुटबॉलपटू, आणि तोही गोल मारणारा नव्हे, बॅकला खेळणारा. पण हा माणूस आम्ही डोळ्यांनी पाहिला तो गोव्यात, फातोर्ड्याला. निपाणीहून पहाटे गाडी काढली आणि आजरा, आंबोली, सावंतवाडी करत गेले तर दुपारच्या जेवणाला मडगाव गाठता येते. बेळगावकरांना तर चोर्ला घाट उतरला की गोवाच.

आमच्या भागात फुटबॉलचे वेड जुने आहे. बेळगावात लेले ग्राऊंड आहे, सेंट पॉल्सची फादर एडी स्मृती स्पर्धा आहे. निपाणीकरांचे कान मात्र कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमकडे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे सामने म्हटले की आमच्या पिढीतले कितीतरी जण काम टाकून एसटीत बसलेले आहेत. विश्वचषक आला की कोल्हापुरात गल्ल्यागल्ल्यांतून ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, आणि ते लोण महामार्गाने आमच्यापर्यंत येते. झेंड्यावर चित्र असते ते पेलेचे, रोनाल्डोचे, मेस्सीचे. बॅकवाल्याचे चित्र आम्ही तरी पाहिलेले नाही. आम्ही स्वतः डिप्लोमाला असताना बॅकलाच खेळायचो. त्याचे कारण सांगायला लाज नाही: ज्याला पुढे खेळवता येत नाही त्याला मागे उभा करायचा, असा तेव्हाचा रिवाज होता.

लुसिओचे पूर्ण नाव लुसिमार फेरेरा दा सिल्वा. जन्म ८ मे १९७८, ब्राझिलिया या राजधानीलगतच्या प्लानाल्तिना गावी. म्हणजे आमच्याच बरोबरीचा. त्याचे नशीब उघडले ते एका पराभवाने. १९९७ साली ब्राझीलच्या चषक स्पर्धेत ग्वारा या लहान क्लबाची गाठ पोर्तो आलेग्रेच्या बलाढ्य इंटरनॅसिओनालशी होती. त्या एका सामन्यापुरता लुसिओला ग्वाराने उसना घेतला. सामना ०-७ असा हरला! सात गोल खाल्लेल्या संघाच्या बॅककडे कोण बघणार? पण इंटरनॅसिओनालच्या लोकांनी बघितले आणि त्याला आपल्याकडे घेतले. हा प्रसंग आम्हाला त्याच्या सगळ्या चषकांपेक्षा मोठा वाटतो. सात गोल होत असताना एक पोरगा प्रत्येक वेळी परत जागेवर येऊन उभा राहत होता, हे ओळखणारा कुणीतरी तिथे बसला होता.

तिथून २००१ च्या सुरुवातीला तो जर्मनीत लेव्हरकुसेनला गेला. २००२ चा उन्हाळा म्हणजे या क्लबाच्या दैवाची थट्टाच. लीगचे विजेतेपद एका गुणाने गेले, जर्मन चषकाचा अंतिम सामना गेला, आणि १५ मे रोजी ग्लासगोला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामनाही रिआल माद्रिदने २-१ ने जिंकला. झिदानचा तो हवेतल्या हवेत मारलेला गोल सगळ्यांच्या लक्षात आहे. लेव्हरकुसेनचा एकमेव गोल लुसिओने डोक्याने केला होता, श्नायडरच्या फ्री किकवर. तो कुणाला आठवत नाही. दीड महिन्यानंतर, ३० जूनला, योकोहामाला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हाच श्नायडर जर्मनीकडून लुसिओच्या समोर उभा होता.

त्या विश्वचषकाची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगायला हवी. २१ जून, शुक्रवार, आपल्याकडे भर दुपारी बाराला सामना. इंग्लंडविरुद्ध उपांत्यपूर्व फेरी. तेविसाव्या मिनिटाला हेस्कीचा लांबून आलेला साधा चेंडू लुसिओला अडवता आला नाही. मांडीला लागून तो पुढे उडाला आणि ओवेनने नेमका तोच उचलून गोल केला. आमच्या गल्लीतल्या टीव्हीसमोर एकच कालवा झाला, आणि ‘ह्याला काढा’ असा हुकूम निपाणीहून जपानला गेला. नशीब, स्कोलारी साहेबांना तो ऐकू गेला नाही. पुढे रिव्हाल्डो आणि रोनाल्डिन्होने गोल करून सामना २-१ असा काढला, आणि लुसिओची चूक झाकली गेली. त्यानंतर उपांत्य आणि अंतिम सामन्यात ब्राझीलवर एकही गोल झाला नाही. सात सामन्यांत फक्त चार गोल खाल्ले. रोनाल्डोच्या आठ गोलांचा हिशेब शाळकरी पोरेही सांगतात. लुसिओ, एदमिल्सन आणि रोके ज्युनियर या तिघांनी खाऊ न दिलेल्या गोलांचा हिशेब कुठल्या वहीत मांडणार? आम्ही सरकारी नोकर, आम्हाला हे चांगले कळते. काम झाले की नोंद होत नाही, चुकले की लगेच कागद येतो.

पुढची वर्षे भराभर सांगतो. २००४ ते २००९ बायर्न म्युनिक: तीन वेळा लीग, तीन वेळा चषक. २००६ च्या विश्वचषकात त्याने सलग ३८६ मिनिटे एकही फाऊल केला नाही, हा विक्रम झाला. बॅकला खेळून फाऊल नाही म्हणजे काय, हे ज्याच्या नडग्या सोललेल्या आहेत त्यालाच कळेल. त्यानंतर तो ब्राझीलचा कर्णधार झाला. २००९ ला जोहान्सबर्गला कॉन्फेडरेशन्स चषकाच्या अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध ब्राझील ०-२ ने मागे होता. बरोबरी झाली, आणि ८४व्या मिनिटाला एलानोच्या कॉर्नरवर लुसिओने डोके घातले. ३-२. एलानोचे नाव लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

त्याच वर्षी बायर्नला त्याची गरज उरली नाही. तो इटलीत इंटर मिलानला गेला आणि मोरिन्होच्या हाताखाली त्या मोसमात लीग, चषक आणि चॅम्पियन्स लीग असे तिन्ही जिंकले. बार्सिलोनाच्या मैदानावर दहा जणांनिशी तासभर किल्ला लढवला, तो सामना आम्ही रात्र जागून पाहिला. २२ मे २०१० ला माद्रिदमध्ये अंतिम सामना होता तो बायर्नशीच. २-० ने इंटर जिंकले. दोन्ही गोल मिलितोचे, अर्थात.

नंतर उतार लागला. युव्हेंटसमध्ये काही महिने, मग मायदेशी साओ पावलो आणि पाल्मेरास. देशाकडून १०५ सामने खेळून झाले होते. आणि २०१५ मध्ये, ३७ व्या वर्षी, हा गडी गोव्याला आला. एफसी गोवाचे प्रशिक्षक होते झिको. १९८२ चा झिकोचा ब्राझील संघ सगळ्यांत देखणा म्हणतात, पण इटलीच्या रॉस्सीने एकट्याने तीन गोल मारून त्याला घरी पाठवले. मागची फळी नसली की देखणेपण किती टिकते, हे झिकोला कुणी शिकवायला नको होते.

ब्राझील आणि गोवा, दोघांचाही धनी पोर्तुगीज. फेरेरा आणि दा सिल्वा ही आडनावे गोव्यात कोपऱ्याकोपऱ्यावर भेटतात. काजू मूळचा ब्राझीलचा, तो पोर्तुगीजांनी आणला आणि आज चंदगड-खानापूरच्या डोंगरावर आहे. ज्या तंबाखूवर आमची निपाणी उभी राहिली, तोही त्यांच्याच जहाजांतून अमेरिका खंडातून आलेला. तेव्हा या पाहुण्याचे आमच्याशी अगदीच नाते नव्हते असे नाही.

त्या मोसमात आम्ही पाचजण फातोर्ड्याला एक सामना पाहायला गेलो. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो, म्हणून बॅकवाला दिसतच नाही. मैदानात बसल्यावर प्रथमच नव्वद मिनिटे एकाच माणसाकडे बघत बसलो. तो धावत फारसा नव्हता. हाताने खुणा करून शेजारच्याला दोन पावले डावीकडे सरकवायचा, आणि चेंडू तिथेच यायचा. आमच्यातला एक मित्र म्हणाला, “अरे, हा काहीच करत नाही की!” आम्ही त्याला काही उत्तर दिले नाही.

एफसी गोवाने त्या साली मुंबईवर ७-० असा विजय मिळवला (सातचा आकडा लुसिओला एकदा असाही भेटायचा होता) आणि गुणतक्त्यात पहिला क्रमांक घेतला. अंतिम सामना २० डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनाच्या दुसऱ्या दिवशी, फातोर्ड्यालाच. तिकिटे मिळाली नाहीत, घरीच टीव्हीपुढे बसलो. समोर चेन्नईयिन, आणि त्यांच्या संघात तोच जोहान्सबर्गचा एलानो. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोल करून गोव्याला २-१ असे पुढे नेले. मैदान डोक्यावर घेतले होते. तीन मिनिटे काढायची होती. पण नव्वदाव्या मिनिटाला गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमनीकडून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला, आणि भरपाईच्या वेळेत मेंडोझाने तिसरा मारला. २-३.

कट्टीमनी हे आडनाव कानडी, मुलगा गोव्याचा. आमच्या सीमाभागात अशा नावावरून लगेच वाद पेटू शकतो, पण त्या रात्री आमच्या घरात त्याच्यासाठी सगळेच हळहळत होते. याच पोराने त्याच सामन्यात एक पेनल्टी आधी अडवली होती. परत आलेला चेंडू आत गेला म्हणून ती वाया गेली. शिझुओकाला लुसिओच्या चुकीनंतर ६७ मिनिटे शिल्लक होती आणि पुढे रिव्हाल्डो होता. कट्टीमनीपाशी दोनच मिनिटे होती.

२०१६ मध्ये लुसिओ पुन्हा आला, पण संघ आठांत आठवा राहिला. त्यानंतर २०१८ मध्ये तो आपल्या राजधानी जिल्ह्यात परतला आणि गामा, मग ब्राझिलिएन्से अशा तिथल्या क्लबांकडून खेळला. विश्वचषक, चॅम्पियन्स लीग सगळे घरात असताना चाळिसाव्या वर्षी हा माणूस प्लानाल्तिनाच्या आसपासच्या मैदानांवर पुन्हा बॅकला उभा राहत होता. जानेवारी २०२० मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. बातमी आम्ही कचेरीत मोबाईलवर वाचली आणि फातोर्ड्याला सोबत आलेल्या त्या मित्राला पाठवली. त्याचे उत्तर आले, “तो काहीच न करणारा ना?”