कथलाचे बक्कल आणि माणसाची पायरी

राजांचा इतिहास शिलालेखांत मिळतो, सरदारांचा बखरीत. पण ज्यांच्या हाती लेखणीच नव्हती, त्यांचा इतिहास कुठे शोधायचा? याचे एक उत्तर लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठच्या चिखलात सापडले आहे. आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी ते समजून घ्यावे, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

मध्ययुगात लंडनकरांनी नदीत लाकडी धक्के बांधून काठ पुढे सरकवला आणि मागची जागा शहराच्या कचऱ्याने भरली. १९७० आणि ८० च्या दशकांत तिथे उत्खनने झाली. ओल्या चिखलात हवा न पोचल्याने चामडे आणि धातू टिकून राहिले होते. धक्क्याच्या लाकडातील वर्षवलये मोजून त्यामागच्या कचऱ्याचा काळ ठरवता आला. जेफ इगन आणि फ्रान्सिस प्रिचर्ड यांनी यातील ११५० ते १४५० या काळातल्या वस्तूंचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध केला.

हातात आलेला गंजका तुकडा ओळखायचा कसा? चौकटीवर काटा टेकून टेकून खाच पडली असेल, तर ते बक्कल. दोन पत्र्यांमध्ये चामड्याचा तुकडा रिव्हेटने अडकला असेल आणि काटा नसेल, तर ती बहुधा पट्ट्याच्या टोकाची टोपी. मागे छोटे पाय असलेली टिकली म्हणजे पट्ट्यावर ठोकलेली नक्षी. रुंदीवरून पट्टा कंबरेचा की जोड्याचा याचा अंदाज बांधता येतो. क्ष-किरणांच्या तपासणीत धातू कळतो. इथेच खरी गंमत आहे. चांदीसारखे दिसणारे कितीतरी नग कथील आणि शिशाचे निघाले.

आता कायदा पाहा. १३४८-४९ च्या प्लेगमध्ये इंग्लंडची प्रचंड लोकसंख्या मेली. मजूर कमी पडले, मजुरी वाढली, कष्टकऱ्याच्या हातात चार पैसे आले. वरच्यांना ते खुपले. १३६३ च्या कायद्याने कारागिरांना सोन्याचांदीचे कंबरपट्टे, बटणे, ब्रोच वापरायला बंदी केली. नांगरे, गाडीवान, गुराखी यांनी जाडेभरडे कापड आणि तागाचा कंबरपट्टा वापरावा, असा हुकूम झाला. हा कायदा १३६५ मध्येच मागे घ्यावा लागला. पट्टे बनवणाऱ्यांच्या संघाला तर १३२७ पासूनच हलक्या धातूची सजावट करायला मनाई होती. तरीही चिखलातून तीच सजावट निघाली!

कायदा म्हणजे समाजाचे छायाचित्र नव्हे. बंदी घालावी लागते, याचाच अर्थ लोक ती गोष्ट करत होते किंवा करू पाहत होते.

कुणी म्हणेल, हे बक्कल नांगऱ्याचेच होते कशावरून? प्रश्न रास्त आहे. कचऱ्यातल्या बकलावर मालकाचे नाव नसते. म्हणून आम्ही एवढेच म्हणतो की, चांदीची हौस स्वस्तात भागवणारी बाजारपेठ तिथे होती. पुराव्याच्या पुढे एक पाऊलही टाकू नये. आपला इतिहास लिहितानाही हीच शिस्त हवी.

१३६३ च्या त्याच कायद्यात एक फट होती. ५०० पौंडांची मालमत्ता असलेल्या व्यापाऱ्याला किंवा कारागिराला वरच्या दर्जाचा पोशाख करता येत होता. तिथे पैशाने पायरी चढता येत होती. आपल्याकडे? मनुस्मृतीने चांडाळासाठी लोखंडाचे दागिने आणि प्रेतावरची वस्त्रे नेमून दिली. १९२८ मध्ये इंदूर भागातल्या सवर्णांनी बलाई समाजाच्या स्त्रियांना सोन्याचांदीचे दागिने आणि पुरुषांना जरीकाठी पागोटे बंद केले. बाबासाहेबांनी 'जातिभेदाचे निर्मूलन' या ग्रंथात हे नोंदवून ठेवले आहे. बलायाने कितीही पैसा मिळवला असता, तरी त्या हुकमात त्याच्यासाठी फट नव्हती. वर्ग आणि जात यांतला फरक यापेक्षा वेगळा काय सांगायचा?

मित्रांनो, पुढच्या वेळी संग्रहालयात गेलात तर राजाच्या तलवारीपुढे थोडे कमी थांबा. कोपऱ्यातल्या काचेखालचे कथलाचे बक्कल शोधा आणि विचारा, हे घालायला कुणाला मनाई होती?

जय भीम!