मियाँ, बीवी आणि हसणारे घर

नवरा-बायकोवरचा विनोद म्हणजे हलका माल, असे आपल्यातले बरेच शिकलेले लोक समजतात. लग्नघरात साल्या दूल्हेमियाँचे जोडे लपवतात तेव्हा हेच लोक पोट धरून हसतात; छापलेले मात्र त्यांना चालत नाही.

मराठीत विनोदी लेखनाला मान मिळाला तो आपल्या बाजूच्या एका माणसामुळे. नागपुरात १८७१ साली जन्मलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर जळगाव-जामोदला वकिली करीत. १९०२ मध्ये त्यांचा 'साक्षीदार' हा लेख 'विविधज्ञानविस्तारा'त आला. याच गृहस्थांनी पारशी-उर्दू रंगभूमीच्या चाली मराठी नाटकात आणल्या. म्हणजे मराठी नायक-नायिका प्रेमाची पदे गात होते ती उर्दू नाटकाच्या चालींवर! ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही. सांगायला हवी.

कोल्हटकरांचा रोख रूढींवर होता. घरातला विनोद रंगवला तो चिं. वि. जोशींनी. बडोद्याला पालीचे प्राध्यापक असलेल्या या माणसाने चिमणराव, काऊ आणि गुंड्याभाऊ दिले. १९४० साली 'लग्न पहावं करून' हा बोलपट आला, त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते.

जवळपास त्याच काळात लाहोरला इम्तियाज अली ताज चाचा छक्कन लिहीत होते. चाचा एक तस्वीर टांगायला निघतात आणि सगळे घर कामाला लागते. मूळ कल्पना जेरोम या इंग्रज लेखकाच्या १८८९ च्या पुस्तकातली; पण चची, नोकर, मुले, आरडाओरडा सारे आपल्या मोहल्ल्यातले. चाचा आणि चिमणराव शेजारी राहिले असते तर भिंतीला एकही खिळा सरळ बसला नसता.

पतरस बुखारी यांचा 'मैं एक मियाँ हूँ' मला या सर्वांत सरस वाटतो. बीवी रोशन आरा मायके जाते. मियाँ आधी खूश, मग उदास. तार करून तिला बोलावतात आणि दोस्तांबरोबर पत्ते खेळायला बसतात. हरल्याची शिक्षा म्हणून तोंड रंगवलेले, डोक्यावर कागदी टोपी, हातात चिलीम, अशा थाटात ते निघतात. तेवढ्यात दार उघडते, बुरखा वर होतो, समोर रोशन आरा!

या जुन्या विनोदात मार पडतो तो मियाँवर, बीवीवर नाही. म्हणून तो अजून टिकून आहे. आजकाल मोबाइलवर फिरणाऱ्या चुटक्यांत बायको म्हणजे नुसती कटकट. त्यात हसणारा स्वतःवर कधी हसतच नाही.

एक उणीव मात्र खरी. हे सगळे पुरुषांनी सांगितलेले आहे. काऊ, चची, रोशन आरा यांची बाजू आपल्यापर्यंत आलीच नाही. सावंगीला उर्दू शिकवताना मी वर्गातल्या मुलींना रोशन आराच्या तोंडून तीच हकीकत लिहायला सांगितली. बहुतेकींनी मियाँला आधी तोंड धुवायला पाठवले, आणि मग दोस्तांना चहा न देताच घरी.