सकाळी सातच्या आधी

दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचा सर्व्हर बंद पडला, त्याच्या ५ वर्षे ८ महिने आधी. १४ मार्च २०१७, मंगळवार. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक फट बुजवणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली. क्रमांक एमएस१७-०१०, शेरा ‘अतिगंभीर’. संगणक एकमेकांना फायली देतात त्या यंत्रणेत ही फट होती. आत शिरणाऱ्याला पासवर्ड लागत नव्हता. कोणी चुकीच्या लिंकवर क्लिक करण्याचीही गरज नव्हती. दुरुस्ती बसवायची तर संगणक एकदा बंद करून चालू करावा लागे, आणि रुग्णालयात संगणक बंद करायला सोयीची वेळ कधीच नसते.

५ वर्षे ७ महिने आधी. १४ एप्रिल २०१७. ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीने त्याच फटीतून शिरण्याचे हत्यार इंटरनेटवर टाकून दिले. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने तयार केलेले होते. आता ते कोणालाही घेता येत होते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या डिजिटल विभागाने मार्च आणि एप्रिलमध्ये सर्व रुग्णालयांना इशारे धाडले : दुरुस्ती बसवून घ्या. या विभागाने त्याआधी २३६ पैकी ८८ रुग्णालय-संस्थांची सायबर तपासणी केली होती. उत्तीर्ण झालेल्या संस्था : शून्य.

५ वर्षे ६ महिने आधी. १२ मे २०१७, शुक्रवार. पुढच्या वेळा भारतीय घड्याळाच्या आहेत.

सायंकाळी ५.३०. लंडनमध्ये दुपारचा एक वाजला होता. चार रुग्णालय-संस्थांनी कळवले की पडद्यांवर खंडणीचा मजकूर आला आहे. फायली कुलूपबंद, किल्लीची किंमत ३०० डॉलर, तीही बिटकॉइनमध्ये. विषाणूचे नाव वॉनाक्राय.

रात्री ८.३०. संस्था १६ झाल्या. आणीबाणी जाहीर झाली. जे संगणक अजून धड होते तेही अनेक ठिकाणी भीतीपोटी बंद केले गेले. ईमेलही बंद पडल्याने सूचना फोनवरून द्याव्या लागल्या. पाच ठिकाणी अपघात विभागाचे रुग्ण दुसरीकडे वळवले गेले.

साधारण याच सुमारास इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात मार्कस हचिन्स या २२ वर्षांच्या संशोधकाला विषाणूच्या आत एक विचित्र वेब-पत्ता सापडला. तो कोणाच्याच नावावर नव्हता. त्याने तो १०.६९ डॉलरला नोंदवला. तो पत्ता उत्तर देऊ लागताच विषाणू पसरायचा थांबला. विषाणूची ही रचना त्याला आधी ठाऊक नव्हती.

हिशेब नंतर लागला : किमान ८० रुग्णालय-संस्थांना फटका, सुमारे १९,००० भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द, अंदाजे ९ कोटी २० लाख पौंडांचे नुकसान. ब्रिटनच्या महालेखापरीक्षण कार्यालयाने अहवालात लिहिले की साध्या, नेहमीच्या उपायांनी हे टळले असते.

जवळपास ५ वर्षे ५ महिने आधी. २७ जून २०१७. त्याच फटीचा वापर करणारा नॉटपेट्या हा दुसरा विषाणू जगभर पसरला. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. 

४ वर्षे ४ महिने आधी. जुलै २०१८. नवी मुंबईत वाशीच्या एमजीएम रुग्णालयाचे संगणक कुलूपबंद झाले. मागणी बिटकॉइनची. या घटनेनंतर देशातल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाला धोका माहीत नव्हता, असे म्हणता येणार नाही.

१ वर्ष ७ महिने आधी. २३ एप्रिल २०२१, पहाटे तीननंतर. विरार पश्चिमेच्या विजय वल्लभ रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. कोरोनाचे १५ रुग्ण दगावले. त्याचा संगणकाशी संबंध नाही, तरी या घटनाक्रमातून ती तारीख मला वगळता येत नाही. भंडारा, भांडुप आणि विरारच्या रुग्णालयांतील आगींनंतर ‘फायर ऑडिट’ हा शब्द रुग्णालयांच्या कारभारात रुजला. नेटवर्कच्या ऑडिटसाठी तसा आग्रह कोणी धरला नाही.

६ महिने २६ दिवस आधी. २८ एप्रिल २०२२. केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेने आदेश काढला : सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा, संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवा.

२ दिवस आधी. २१ नोव्हेंबर २०२२, सोमवार. दिल्लीच्या एम्सने बाह्यरुग्ण विभागात ‘आभा’ या आरोग्य-ओळख क्रमांकावरून नोंदणीची मोहीम याच दिवसापासून ठरवली होती. रांग कमी व्हावी, हा हेतू चांगलाच होता. आता नोंदणी, रक्ताचे नमुने, बिल, अहवाल, दाखल होणे आणि घरी सोडणे या सगळ्याचा भार ई-हॉस्पिटल या एकाच प्रणालीवर येत होता.

२३ नोव्हेंबर २०२२, बुधवार. सकाळी ७ च्या सुमारास. ई-हॉस्पिटलचा सर्व्हर बंद पडला. बाहेर रांगा लागलेल्या होत्या.

दिवसभरात. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पथकाने सांगितले की हा खंडणीचा हल्ला असावा. कर्मचाऱ्यांना सूचना गेल्या : दाखल करणे, सोडणे, दुसरीकडे हलवणे, सगळे हाताने लिहा. फक्त तातडीचे नमुने पाठवा, फॉर्म भरून. जन्म-मृत्यूचे दाखलेही हाताने.

सायंकाळी ७.३०. काम अजून कागदावरच चालू होते.

२५ नोव्हेंबर. दिल्ली पोलिसांनी खंडणी आणि सायबर दहशतवादाचा गुन्हा नोंदवला. तीन ते चार कोटी रुग्णांची माहिती धोक्यात असल्याची भीती माध्यमांतून व्यक्त झाली.

पाचव्या-सहाव्या दिवशी. ५,००० पैकी सुमारे १,२०० संगणकांवर अँटिव्हायरस बसवून झाले होते. ५० पैकी २० सर्व्हर तपासले गेले होते. दोन सिस्टिम अ‍ॅनालिस्ट निलंबित झाल्याची बातमी आली. एवढ्या मोठ्या नेटवर्कची आखणी दोन माणसांच्या हातात नसते, हे इथे नोंदवले पाहिजे.

२९ नोव्हेंबर. माहिती सर्व्हरवर परत आली. सेवा सुरू व्हायला आणखी दिवस गेले.

त्यानंतर. संसदेत उत्तरे आली. पाच सर्व्हर बाधित, अंदाजे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद. कारण : नेटवर्कची नीट विभागणी केलेली नव्हती. एका खोलीतला चोर सगळ्या खोल्यांत फिरू शकत होता. तेव्हाच्या केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री आणि दिंडोरीच्या खासदार डॉ. भारती पवार यांनी लोकसभेत सांगितले की ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून.

एक सर्व्हर वाचला, म्हणून दोन आठवड्यांत निभावले.

६ महिने १४ दिवसांनंतर. ६ जून २०२३, दुपारी २.५०. पुन्हा हल्ला झाल्याचे एम्सने कळवले. या वेळी तो सुरक्षा यंत्रणेने पकडून परतवला, असे एम्सचे म्हणणे होते.

आता वसई-विरारकडे पाहू. इथे महापालिकेचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय आहे, नालासोपाऱ्याचे तुळिंज रुग्णालय आहे आणि रेल्वेच्या दोन्ही बाजूंना छोटी नर्सिंग होम आहेत. अशा ठिकाणी केसपेपर, पॅथॉलॉजी, सीसीटीव्ही आणि नातेवाइकांचे मोबाइल एकाच वाय-फायवर असू शकतात. संगणकाचे काम बोलावल्यावर येणाऱ्या एका माणसाकडे असू शकते. त्या रुग्णालयांच्या डॉक्टरांना आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला विनंती आहे : त्या माणसाला या आठवड्यात बोलवा. रुग्णांचे वाय-फाय वेगळे करा, विंडोजच्या राहिलेल्या दुरुस्त्या बसवून घ्या, बॅकअपची एक प्रत तार काढून कपाटात ठेवा आणि ती उघडते का हे एकदा उघडून पाहा. फायर ऑडिटच्या फाइलशेजारी नेटवर्कची फाइलही ठेवा, आणि सर्ट-इनला कळवण्याचे काम कोणाचे, त्याचे नाव तिच्या पहिल्या पानावर लिहा. हल्ला लक्षात आल्यापासून त्यासाठी ६ तास मिळतात.