कड्याची तसबीर

दिवाळी तोंडावर आली की घरोघर भिंतींना रंगसफेदी होते आणि उतरवून ठेवलेल्या तसबिरी पुसूनपासून पुन्हा आपापल्या खिळ्यावर चढतात. कुठे कुलदैवत, कुठे वाडवडील, कुठे शिवछत्रपती. ज्याच्या घरी जे पूज्य, ते त्याच्या भिंतीवर. गिर्यारोहकांच्या घरी मात्र कधी कधी एक निराळीच तसबीर आढळते. तिच्यात देव नाही की माणूस नाही. आहे तो एक उघडाबोडका दगडी कडा, आणि त्याच्या अंगावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत ओढलेल्या तांबड्या-पिवळ्या रेघा. प्रत्येक रेघ म्हणजे एक वाट, आणि रेघेशेजारी त्या वाटेचे नाव. परक्याला त्यात काही गवसायचे नाही. पण जाणकार तिच्यापुढे तहानभूक विसरून उभा राहतो. आपण कुठे चढलो, कुठे अडलो, कोणता सोबती कुठे होता, हे सारे तो त्या रेघांत वाचीत असतो.

अशा तसबिरींत मानाचे पान मिळाले आहे ते अमेरिकेतील एल कॅपिटनला. कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा पर्वताच्या कुशीत योसेमिटी नावाचे खोरे आहे. जेमतेम सात मैल लांबीचे. पण त्याच्या दोन्ही अंगांना ग्रॅनाइटच्या भिंती उभ्या आहेत. त्यांतील एल कॅपिटन सुमारे ३००० फूट उंच आहे. कुतुबमिनारावर कुतुबमिनार असे एकावर एक बारा रचले तरी शेवटच्या मिनाराच्या कळसाला या कड्याचा माथा वरच राहील!

हा कडा गोऱ्या लोकांनी 'शोधला', असे म्हणण्याची रीत आहे. ती खरी नव्हे. त्या खोऱ्यात पिढ्यान् पिढ्या मूळचे रहिवासी नांदत होते आणि त्यांनी या कड्याला तुतोकानुला असे नाव दिले होते. त्यांची एक लोककथा आहे. अस्वलाची दोन पिल्ले एका खडकावर झोपी गेली आणि झोपेतच तो खडक वाढत वाढत आभाळाला भिडला. आईने हंबरडा फोडला. थोरामोठ्या प्राण्यांनी उड्या मारून पाहिल्या, पण कुणाचीच मात्रा चालेना. अखेर वीत-वीत मापीत चालणारी एक इवलीशी अळी पुढे झाली आणि तिने तो कडा सर केला. बाळासाठी रायगडाचा कडा उतरलेली हिरकणी ज्यांच्या ओठांवर आहे, त्यांना ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. १८५१ साली एक सशस्त्र तुकडी या रहिवाशांना हुसकावून लावण्यासाठी खोऱ्यात शिरली, आणि त्या तुकडीने कड्याला 'एल कॅपिटन', म्हणजे 'सरदार', हे नवे नाव दिले. अळीचे नाव पुसले गेले. पुढे वाट काढणाऱ्यांनी मात्र वीत-वीत मापण्याची तिचीच रीत उचलली, हा काळाने उगवलेला सूडच म्हणायचा.

पुढे दहा वर्षांनी, १८६१ साली, कार्लटन वॉटकिन्स नावाचा छायाचित्रकार खेचरांचा तांडा घेऊन या खोऱ्यात उतरला. खेचरांच्या पाठीवर तंबू, काचा, औषधांच्या बाटल्या आणि एक अवाढव्य कॅमेरा होता. त्या काळी चित्र मोठे करण्याची सोय नव्हती. जेवढी काच, तेवढेच चित्र. कड्याची भव्यता कागदावर उतरवायची तर काचही तशीच हवी. म्हणून वॉटकिन्सने १८ इंच रुंद व २२ इंच लांब काच मावेल असा कॅमेरा मुद्दाम घडवून घेतला होता. एकेका चित्राची यातायातही थोडी नव्हती. अंधाऱ्या तंबूत काचेवर चिकट द्रावण ओतायचे, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी पुन्हा तंबूत नेऊन धुवायची. धुळीचा एक कण बसला की सारे मुसळ केरात! अशा तीस मोठ्या काचा आणि सुमारे शंभर लहान जोडचित्रे घेऊन तो परतला. पुढल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे प्रदर्शन भरले आणि ज्यांनी कॅलिफोर्निया स्वप्नातही पाहिले नव्हते ते लोक या कड्यांपुढे थक्क होऊन उभे राहिले. ३० जून १८६४ रोजी, यादवी युद्ध धुमसत असताना, अध्यक्ष लिंकन यांनी हे खोरे जनतेसाठी राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. या निर्णयात वॉटकिन्सच्या चित्रांचा वाटा होता, असे इतिहासकार मानतात.

चित्र कडा वाचवू शकते हे येथे सिद्ध झाले. चित्र चढाईला वाट दाखवू शकते, हे दाखवून दिले ते इंग्लंडमधील केझिक गावच्या जॉर्ज आणि ॲशली एब्रहॅम या बंधूंनी. हे स्वतः कसलेले कडेचढू होते आणि धंद्याने छायाचित्रकार. दोर आणि जड कॅमेरा दोन्ही बरोबर घेऊन ते कड्यांवर जात. १८९७ साली त्यांचे मित्र ओवेन ग्लिन जोन्स यांचा लेक डिस्ट्रिक्टच्या कड्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो या बंधूंच्या चित्रांनी नटलेला होता. 'डावीकडच्या खाचेतून वर जावे' असे दहा ओळींत सांगूनही जे ध्यानात येत नाही, ते एका चित्राने येते, हे तेव्हापासून चढणाऱ्यांच्या मनात ठसले.

परंतु वाट दाखवणारे चित्र काढणे हे वाटते तितके सोपे नाही. कड्याच्या पायथ्याशी उभे राहून कॅमेरा वर रोखला की माथा निमुळता होतो आणि वरचा अर्धा कडा चिंबल्यासारखा दिसतो. दोनशे फुटांची भिंत बोटभर उरते. म्हणून समोरच्या कुरणात दूर सरकावे लागते, किंवा पलीकडच्या डोंगरावर चढावे लागते. मोठ्या कॅमेऱ्याची काच सरळ उभी ठेवून नुसते भिंग वर सरकवता येते. त्याने उभ्या रेषा उभ्याच राहतात. दुसरी अडचण उन्हाची. ऊन थेट समोरून पडले तर कडा पांढऱ्या भिंतीसारखा सपाट दिसतो आणि त्यातल्या भेगा नाहीशा होतात. फार तिरपे पडले तर अर्धा कडा सावलीत बुडतो. एल कॅपिटनला तर दोन अंगे आहेत. आग्नेयेकडच्या अंगावर ऊन सकाळी, नैर्ऋत्येकडच्या अंगावर दुपारनंतर. दोन्ही अंगे एका चित्रात नीट उजळणे कठीणच. म्हणून असली तसबीर काढणारा एखाद्या शिकाऱ्यासारखा उन्हाची वाट पाहत बसतो.

असेच ऊन येण्याची वाट १० एप्रिल १९२७ रोजी ॲन्सेल ॲडम्स हा पंचविशीतला तरुण पाहत होता. समोर योसेमिटीचा दुसरा मानकरी, हाफ डोम. बारा काचांपैकी दोनच उरल्या होत्या. एक त्याने पिवळ्या काचेआडून वापरली. आणि मग जाणवले की मनात दिसते आहे ते यात उतरणार नाही. शेवटच्या काचेला त्याने गडद तांबडी काच लावली. आकाश काळेभोर झाले आणि कडा त्यातून उसळून वर आला. ते चित्र जगप्रसिद्ध झाले. पण गंमत पाहा! चढणाऱ्याला त्याचा उपयोग थोडाच. कलावंताला कड्याचे गांभीर्य हवे असते. चढणाऱ्याला हवी असते बोट शिरेल एवढी भेग. हाफ डोमच्या त्या भिंतीवर पहिली रेघ उमटली ती तीस वर्षांनी, १९५७ साली. रॉयल रॉबिन्स आणि त्याच्या दोन सोबत्यांना तिच्यासाठी पाच दिवस लागले.

त्याच वर्षी वॉरन हार्डिंगने एल कॅपिटनच्या दोन अंगांच्या मधल्या कंगोऱ्याला, म्हणजे 'नाकाला', हात घातला. दीड वर्षांच्या अवधीत मिळून सुमारे ४५ दिवस ही झुंज चालली. एका रुंद भेगेत बसतील अशा खुंट्या बाजारात मिळेनात, तेव्हा टाकून दिलेल्या चुलींचे पाय आणून ठोकले. ती भेग आजही 'चुलीच्या पायांची भेग' म्हणूनच ओळखली जाते. अखेरच्या रात्री हार्डिंग दिव्याच्या उजेडात डोक्यावरच्या खडकात भोके पाडीत राहिला आणि १२ नोव्हेंबर १९५८ च्या पहाटे माथ्यावर पोचला. तसबिरीत ही सारी कहाणी एक वीतभर रेघ होऊन बसली आहे. रेघेला घाम नसतो, तहान नसते. म्हणूनच टॉम फ्रॉस्टसारख्या चढणाऱ्याचे मोल मोठे. १९६० नंतर त्याने या भिंतीवर लोंबकळत असतानाच सोबत्यांची चित्रे टिपली, आणि रेघांमागची माणसे आपल्याला दिसली.

आज कॅमेऱ्यांचे रूप पालटले आहे. २००८ साली वीस तुकड्यांनी खोऱ्यात ठिकठिकाणी उभे राहून एकाच वेळी साऱ्या भिंतींची हजारो छायाचित्रे घेतली आणि ती जोडून अवघ्या खोऱ्याचे चित्र उभे केले. हेतू केवळ हौसेचा नव्हता. ग्रॅनाइट अढळ वाटतो, पण त्याचे पापुद्रे सुटून कोसळत असतात. आधीचे आणि नंतरचे चित्र शेजारी ठेवले की काय पडले, किती पडले हे भूशास्त्रज्ञांना कळते. जुलै २०१५ मध्ये हाफ डोमवरचा एक मोठा पापुद्रा असाच निखळला आणि १९५७ च्या वाटेचा एक तुकडा नाहीसा झाला. सुदैवाने त्या वेळी तेथे कुणी नव्हते. ज्यांच्या भिंतीवर जुनी तसबीर होती, त्यांच्याकडे रेघ तशीच होती; रेघेखालचा दगड मात्र गेला होता.

वॉटकिन्सच्या नशिबी याच्या उलट आले. कर्जापायी १८७५ च्या सुमारास त्याच्या जुन्या काचा धनकोंच्या हाती गेल्या आणि दुसराच एक छायाचित्रकार त्यांच्या प्रती आपल्या नावावर विकू लागला. न डगमगता त्याने पुन्हा नवा संग्रह जमवला. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप झाला, मागून आग लागली, आणि त्याची चित्रशाळा जळून खाक झाली. तोवर त्याची दृष्टीही अधू झाली होती. १९१६ साली एका मनोरुग्णालयात त्याने देह ठेवला.

पण योसेमिटीत एक डोंगर त्याच्या नावाने उभा आहे, माउंट वॉटकिन्स. १९६४ च्या कडक उन्हाळ्यात हार्डिंग, चक प्रॅट आणि इव्हॉन शुईनार्ड हे तिघे पाण्यावाचून तडफडत त्याच्या दक्षिण भिंतीवरून वर गेले, आणि त्या भिंतीवरही एक रेघ उमटली. ज्याने साऱ्यांना कडे दाखवले, त्याचेच नाव असे एका कड्याच्या तसबिरीखाली लागले. काचा गेल्या, दगडही झिजतो. तरी पाहणारा डोळा आणि चढणारा हात यांचे हे जुने नाते काही तुटलेले नाही.