जलजीवालयातील पाण्याचे गाळण

जलजीवालय : (मत्स्यालय). टाकीतील पाण्यात तरंगणारा घन मळ सच्छिद्र थरातून पाणी वाहवून अडविण्याच्या क्रियेस यांत्रिक गाळण म्हणतात. न खाल्लेले अन्न, माशांची विष्ठा, शरीरावरील श्लेष्मा, गळालेले खवले, कुजकी पाने व शैवलाचे तंतू हा या मळाचा मुख्य भाग होय. माशांच्या कल्ल्यांवाटे बाहेर पडणारा अमोनिया मात्र पाण्यात विरघळलेला असतो व तो कितीही बारीक गाळणीतून निसटतो. अडवता येणारा मळ आणि न अडवता येणारे विष यांतील हा भेद ध्यानी येण्यास जलजीवालये पाळणाऱ्यांना सुमारे एक शतक लागले. जलजीवालयाच्या गाळणाचा इतिहास हा बव्हंशी या उलगड्याचाच इतिहास आहे.

पाणी गाळण्याची कल्पना भारतीय घरांना नवी नाही. घागरीच्या तोंडाला पातळ फडके बांधणे, गढूळ पाण्यात निवळीचे बी उगाळणे किंवा तुरटी फिरविणे आणि वाळू-कोळशाच्या मडक्यांची उतरंड मांडून पाणी ठिबकत ठेवणे, हे उपाय महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. जैन कुटुंबांत पाणी गाळल्यावर फडक्यात अडकलेले जीव ज्या विहिरीचे पाणी असेल तिच्यातच परत सोडण्याचा परिपाठ आहे. मात्र हे सारे उपाय एकदा पिऊन संपणाऱ्या पाण्यासाठी आहेत. माशांच्या टाकीत तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरावयाचे असते आणि ते घाण करणारा प्राणी त्यातच राहत असतो. तुरटी तर येथे चालतच नाही, कारण तिने पाण्याची आम्लता वाढते. देवळांच्या व दर्ग्यांच्या हौदांतील मासे गाळणीवाचून जगत, ते हौदाचा मोठा विस्तार, माशांची विरळ संख्या आणि पाण्याची आवक यांमुळे.

यूरोपात काचेच्या भांड्यात जलचर पाळण्याचे आरंभीचे प्रयोग गाळणाविनाच झाले. झान व्हिलप्र-पॉवर यांनी 1832 च्या सुमारास सिसिली बेटावर सागरी प्राण्यांच्या निरीक्षणासाठी काचेच्या पेट्या वापरल्या. ॲना थिन यांनी 1846 पासून लंडनमध्ये प्रवाळ जिवंत ठेवले. त्यासाठी समुद्राचे पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत राहावे लागे व हे कंटाळवाणे काम नोकरांकडे असे. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने 1850 मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडलेला प्रयोग अधिक बोधप्रद आहे. सुमारे 12 गॅलन पाण्याच्या टाकीत त्याने दोन लहान सोनमासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीने ऑक्सिजन पुरवावा व माशांनी कार्बन डाय-ऑक्साइड द्यावा, असा त्याचा हिशेब होता. परंतु पाने कुजू लागली, पाणी गढुळले आणि काचेवर हिरवट बुळबुळीत थर चढला. तेव्हा त्याने तळ्यातील काही गोगलगाई टाकीत सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व शेवाळ खाऊन टाकले आणि पाणी पुन्हा निवळले. गोगलगाईंनी येथे गाळणीचे काम केले असे म्हणता येईल. अर्थात त्यांच्या पोटातून तो मळ पुन्हा पाण्यातच येत होता.

या ‘संतुलित’ टाकीच्या कल्पनेने जलजीवालयाची हौस झपाट्याने पसरली. लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानात 1853 मध्ये सार्वजनिक मत्स्यगृह उघडले आणि फिलिप हेन्री गॉस याच्या 1854 मधील ग्रंथाने घरोघरी टाक्या आल्या. त्यांतील बहुसंख्य टाक्यांचे पाणी लवकरच हिरवे पडले वा नासले. दोन माशांच्या टाकीत साधलेला तोल गर्दीच्या टाकीत साधत नाही, ही गोष्ट त्या काळच्या उत्साहात दुर्लक्षिली गेली.

या अडचणीवर व्यवहार्य तोड विल्यम ॲल्फर्ड लॉइड याने काढली. हँबर्ग (1864) व लंडनजवळील क्रिस्टल पॅलेस (1871) येथील जलजीवालयांत त्याने प्रदर्शनाच्या टाक्यांखाली त्यांच्या कित्येक पट मोठा, अंधारा हौद बांधला व वाफेच्या पंपाने पाणी अहोरात्र फिरते ठेवले. अंधारात शैवल वाढत नाही, संथ हौदात जड मळ तळाशी बसतो आणि पडत्या धारेबरोबर हवा पाण्यात मिसळते. समुद्राचे तेच पाणी वर्षानुवर्षे वापरता येते, हे लॉइडने दाखवून दिले. आंटोन डोर्न याच्या नेपल्स येथील प्राणिवैज्ञानिक केंद्राच्या जलजीवालयासही (1874) त्याच्या अनुभवाचा लाभ झाला. लॉइडचा भर गाळण्यापेक्षा अभिसरणावर होता. तथापि त्याचा हौद म्हणजे गुरुत्वाने चालणारी गाळणीच होती.

वाळूची गाळणी जलजीवालयात आली ती शहरांच्या पाणीपुरवठ्यातून. जॉन गिब याने स्कॉटलंडमधील पेझ्ली येथे 1804 मध्ये आणि जेम्स सिंप्सन याने लंडनच्या चेल्सी जलसंस्थेसाठी 1829 मध्ये वाळूचे गाळणथर उभारले. मंदगती गाळणीतून पाणी ताशी साधारणतः 10 ते 30 सेंमी. या वेगाने उतरते, तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ झालेल्या शीघ्रगती गाळणीतून ताशी 5 ते 15 मी. वेगाने. वाळूच्या दोन कणांमधील पोकळीपेक्षा पुष्कळ लहान कणही तीत अडकतात. कारण काही कण पोकळीत स्थिरावतात, काही वाळूच्या पृष्ठाला चिकटतात आणि अडकलेला मळ स्वतःच अधिक बारीक गाळणी बनतो. म्हणूनच किंचित मळलेली गाळणी नव्या गाळणीपेक्षा चांगले काम करते. मळ फार साचला की प्रवाह मंदावतो, व मग खालून वर जोराने पाणी सोडून वाळू उसळवून धुवावी लागते.

वाळूचे याहून मोठे कार्य प्रथम सांडपाण्यात उघडकीस आले. तेओफील श्लेझिंग व आशिल म्युंत्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1877 मध्ये वाळू व चुनखडीच्या स्तंभातून सांडपाणी झिरपू दिले. आरंभी काहीच फरक पडला नाही. सुमारे तीन आठवड्यांनी मात्र बाहेर येणाऱ्या पाण्यात अमोनियाऐवजी नायट्रेट आढळू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली, यावरून ती सजीवांची आहे हे सिद्ध झाले. सेरगेई व्हिनोग्राडस्की याने 1890 मध्ये ते सूक्ष्मजंतू अलग केले. जलजीवालयांनी हे ज्ञान आपलेसे करण्यास आणखी अर्ध्या शतकाहून अधिक काळ घेतला. जपानमध्ये साएकी यांनी 1958 मध्ये बंद अभिसरणाच्या टाक्यांतील गाळणथरांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि स्टीव्हन स्पॉट यांच्या 1970 मधील ग्रंथाने यांत्रिक, जैव व रासायनिक गाळण हे तीन प्रकार वेगळे ओळखण्याची पद्धत रूढ केली.

भारतातील पहिले सार्वजनिक सागरी जलजीवालय मद्रास (आताचे चेन्नई) येथे 1909 मध्ये उघडले व दुसऱ्या महायुद्धात ते बंद पडले. मुंबईत मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झाले. त्यासाठी आलेल्या सु. 8 लाख रुपये खर्चापैकी 2 लाख रुपये तारापोरवाला या पारशी दानशूर गृहस्थांच्या देणगीतून मिळाले आणि उद्‌घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. नूतनीकरणानंतर 2015 मध्ये ते पुन्हा खुले करण्यात आले, तेव्हा त्यात सु. 3.5 मी. लांबीचा पारदर्शक बोगदा होता. समुद्र दारात असल्यामुळे येथे पाण्याची चिंता नसावी, असा समज होणे साहजिक आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील अंतर सु. 5 मी. असते. लाटांनी तळचा गाळ ढवळला जातो आणि जून ते सप्टेंबर या काळात पावसाच्या व ओढ्या-नाल्यांच्या पाण्याने क्षारता घटून गढूळपणा वाढतो. शहराच्या सांडपाण्याची भर निराळीच. अशा किनाऱ्यावरील जलजीवालयाला पाणी अनुकूल वेळी घेऊन, हौदात निवळू देऊन, वाळूतून गाळून साठवावे लागते व तेच जपून फिरवावे लागते.

घरगुती टाक्यांत विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अनेक प्रकारच्या गाळण्या आल्या. हवेच्या छोट्या पंपावर चालणारी, कृत्रिम कापूस व कोळसा भरलेली कोपऱ्यातील प्लॅस्टिकची पेटी ही सर्वांत साधी. खडीखालील गाळणी पाणी खडीच्या थरातून खाली ओढते. तिच्यात सूक्ष्मजंतू उत्तम वाढतात, पण मळ टाकीबाहेर न जाता खडीतच साठतो. यांत्रिक गाळणी म्हणून ती निकृष्टच समजली पाहिजे. तुलनेने स्पंजाची गाळणी स्वस्त, बाहेर काढून पिळता येणारी व पिले शोषून न घेणारी असल्याने मत्स्यपैदास करणाऱ्यांना ती विशेष उपयोगी पडते. टाकीबाहेर ठेवलेल्या डबागाळणीत जाड स्पंज, बारीक कापूस व सच्छिद्र खडे असे थर क्रमाने रचता येतात. डायाटमी मातीच्या गाळणीने काही मायक्रॉनांपर्यंतचे कण अडतात. ही माती दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने आमांशाच्या अमीबाचे कोष पाण्यातून काढण्यासाठी वापरली होती. मोठ्या मत्स्यशाळांत फिरत्या पिंपावर बारीक जाळी ताणलेली गाळणी असते. जाळीवरील मळ पाण्याच्या फवाऱ्याने सतत धुऊन बाहेर टाकला जातो.

या शेवटच्या गोष्टीत यांत्रिक गाळणाचे मर्म आहे. कापसात अडकलेली विष्ठा पाण्याच्या प्रवाहातच असते. ती तेथे कुजली, की तिचा ऑक्सिजनवरील भार व तिच्यापासून होणारा अमोनिया पूर्ववत पाण्यात येतो. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसते आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. सागरी टाक्यांत धोका अधिक, कारण सु. 8.2 पीएच मूल्याच्या पाण्यात अमोनियाचा विषारी अंश वाढतो. यास्तव कापूस वारंवार बदलावा लागतो. उलटपक्षी सूक्ष्मजंतू वाढलेला स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली चोळून धुतला, तर ते मरतात व नव्या टाकीप्रमाणे कित्येक आठवडे वाट पाहावी लागते. तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा.

समुद्रापासून दूरच्या, अवर्षणप्रवण प्रदेशांत गाळणीच्या निवडीला वेगळेच महत्त्व येते. बीड जिल्ह्यातील धर्मापुरीसारख्या गावी उन्हाळ्यात पिण्याचे पाणीच तोलून वापरावे लागते. बेसाल्ट खडकातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते व टाकीतून बाष्पीभवन होऊन क्षार अधिकच साचतात. ही घट भरून काढताना दर वेळी नवे क्षार टाकीत येतात व ते कोणत्याही यांत्रिक गाळणीने निघत नाहीत. म्हणून काही पाणी काढून टाकणे अटळ असते. अशा ठिकाणी उलट्या प्रवाहाने धुवावी लागणारी वाळूची गाळणी महाग पडते आणि बादलीभर पाण्यात पिळता येणारा स्पंज परवडतो. गोड्या पाण्याच्या टाकीचे ते पिळलेले पाणी नायट्रेटयुक्त असल्याने परसातील झाडांना घालता येते.